मुलीला रात्रीच्या लेन्स लावल्यात. ६/६ दिसतं, तरी दिव्यांना खळं पडतं. कुणाला अनुभव आहे का?

गिरणाकाठ (सोमवार, रात्री १०:०५)

नमस्कार मंडळी. आम्ही जळगावचे. लेक दहा वर्षांची, यंदा पाचवीत गेली. दुसरीत चष्मा लागला तेव्हा दोन्ही डोळ्यांना मायनस दीड होता, आज मायनस सव्वातीन आहे. दर सहा महिन्यांनी काचा बदलायच्या आणि दर वेळी तेच ऐकायचं, नंबर वाढलाय. माझा स्वतःचा मायनस नऊ आहे. सकाळी उठल्या उठल्या उशाशी चष्मा चाचपडायचं आयुष्य मी काढलंय, ते तिच्या वाट्याला येऊ नये एवढीच धडपड.

एप्रिलमध्ये नाशिकच्या डॉक्टरांनी ऑर्थो-के लेन्स सुचवल्या. रात्री घालून झोपायचं, सकाळी काढायच्या, दिवसभर चष्मा नाही. सहा आठवडे झाले. पहिल्या आठवड्यानंतर तिने आमच्या गच्चीवरून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले बिबडे एकेक करून मोजून दाखवले. मी तिथेच रडले.

मग परवा लग्नाहून रात्री गाडीने परत येत होतो. हायवेवर ती म्हणाली, "आई, ट्रकच्या दिव्यांना खळं पडलंय. चंद्राला पडतं ना, तसं." मी खोदून विचारलं तर म्हणे रोजच पडतं, फक्त रात्री. संध्याकाळच्या क्लासमध्ये एकच ट्यूबलाइट आहे, तिथे सरांनी फिक्या हिरव्या मार्करने लिहिलं की तिला पुसट दिसतं. काळ्याने लिहिलेलं दिसतं.

डॉक्टरांकडे फोन केला. रिसेप्शनवर फाइल बघून सांगितलं, मागच्या तपासणीत ६/६ आहे, काळजी करू नका. पण मला राहून राहून वाटतंय की ६/६ म्हणजे सगळं नीट दिसतं असं असतं का? हे खळं जातं का? की नंबर थांबवायचा तर एवढं सोसायचंच?

केळीचा_घड (सोमवार, रात्री १०:२०)

अनुभव नाही ताई, पण वाचतोय. आमच्या रावेरकडे तीन पोरं एका वर्गात चष्म्याची आहेत. आमच्या वेळी अख्ख्या शाळेत हेडमास्तरांनाच चष्मा होता.

दृष्टीरेषा (सोमवार, रात्री ११:१०)

ताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासून चष्मा-लेन्स देणारी) आहे. मूळ धुळ्याची, आता नाशिकला काम करते (तुमचं क्लिनिक माझं नाही, आधीच सांगते). तुमची लेक जे सांगतेय ते खरं आहे. तिला खोटं पाडू नका, आणि "सवय होईल" म्हणून गप्पही बसवू नका.

आधी लेन्स काय करते ते सांगते. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्याचा सगळ्यात वरचा पेशींचा थर जेमतेम ५० मायक्रॉनचा. लेन्स त्या थराचा मधला भाग रात्रभरात काही मायक्रॉन पातळ करते आणि त्याभोवती कड्यासारखा भाग किंचित जाड होतो. भाकरी थापताना मधे दाबलं की पीठ कडेला सरकतं, तसं समजा. मधला भाग चपटा झाला की दूरचं डोळ्याच्या मागच्या पडद्यावर नीट पडतं, म्हणून दिवसा चष्मा लागत नाही.

आता गोम इथे आहे. उन्हात बाहुली आकसून दोन-तीन मिलिमीटरची होते आणि मूल फक्त त्या चपट्या मधल्या भागातूनच बघतं. अंधारात मुलांची बाहुली चांगली सहा-सात मिलिमीटरपर्यंत उघडते. मग भाकरीची जाड कडसुद्धा बाहुलीच्या आड येते. त्या कडेतून आलेला प्रकाश दुसरीकडेच एकवटतो आणि दिव्याभोवती पसरतो. तेच तिचं खळं.

आणि ६/६ बद्दल. तो तक्ता म्हणजे उजेडात पांढऱ्यावर काळी अक्षरं. त्यापेक्षा सोपं दृश्य रोजच्या जगण्यात सापडायचं नाही. फिका मार्कर, संधिप्रकाशात रस्त्यावरची करड्या रंगाची म्हैस, अंधारातली पायरी, हे सगळं कॉन्ट्रास्टवर, म्हणजे गडद-फिक्यातल्या फरकावर चालतं. ऑर्थो-केनंतर तक्त्यावरची नजर उत्तम असूनही कमी उजेडातलं कॉन्ट्रास्ट उतरतं, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. तेव्हा तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे. ६/६ हा नजरेचा एक भाग झाला, सगळी नजर नव्हे.

पहिल्या महिन्या-दीड महिन्यात खळं जास्त जाणवतं, पुढे बऱ्याच मुलांचं कमी होतं. पण लेन्स मधोमध बसतेय ना हे टोपोग्राफी (कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा) काढून बघायलाच हवं. मागची कधी काढली होती?

केळीचा_घड (सोमवार, रात्री ११:१६)

भाकरीवरून एका झटक्यात समजलं. बाजरीची की कळण्याची?

दृष्टीरेषा (सोमवार, रात्री ११:१८)

कळण्याचीच. धुळ्याची आहे मी, दुसरी कुठली सांगणार :)

निवृत्त_गुरुजी (मंगळवार, सकाळी ६:४०)

अमळनेर. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. लहान तोंडी मोठा घास नाही, वयाने मोठा आहे म्हणून बोलतो. दहा वर्षांच्या लेकराच्या डोळ्यात रात्रभर टणक काच ठेवायची, हे माझ्या मनाला पटत नाही. चष्मा लागला तर लागला. माझ्या वर्गातली जाड भिंगाची पोरं पहिल्या बाकावर बसून शिकली आणि पुढे गेली. चष्म्याला कमीपणा का मानायचा?

पोरांना उन्हात खेळू द्या. आता आखाडे, गिल्लीदांडू गेले, घराघरात मोबाइल आले, आणि मग डोळ्यात काचा घालायच्या. आंडेरना डोया शेतस बहीन, खेय नही. (लेकीचे डोळे आहेत बहिणी, खेळ नाही.)

गिरणाकाठ (मंगळवार, सकाळी ९:३०)

गुरुजी, तुमचं ओरडणं आपलं मानूनच घेते. पण हे चष्मा दिसायला वाईट म्हणून नाही केलं. माझ्या मायनस नऊच्या डोळ्यात पडद्याला भोक पडून लेसर करावं लागलंय. नंबर मोठा झाला की डोळ्याची लांबी वाढते, पडदा ताणतो, हे मी भोगलंय. मला तिचा नंबर थोपवायचाय.

दृष्टीरेषा ताई, टोपोग्राफी दुसऱ्या आठवड्यात काढली होती, त्यानंतर नाही.

दृष्टीरेषा (मंगळवार, दुपारी १:०५)

गुरुजींचं अर्धं म्हणणं सोळा आणे खरं आहे, आणि ते अर्धं फार मोलाचं आहे. बाहेरच्या उजेडात घालवलेला वेळ चष्मा लागणं लांबवतो. तैवानने २०१० पासून शाळांमध्ये रोज १२० मिनिटं मुलांना बाहेर काढायचा कार्यक्रम राबवला आणि तिथल्या मुलांच्या नजरेचे आकडे त्यानंतर सुधारले. दिल्लीतल्या शाळकरी मुलांच्या २०१५ साली छापलेल्या एम्सच्या पाहणीत १३.१ टक्के मुलांना मायनसचा नंबर निघाला, आणि जी मुलं बाहेर जास्त खेळत त्यांच्यात तो कमी होता. पण एकदा नंबर लागून धावायला लागला की नुसतं ऊन पुरत नाही.

साधा चष्मा दिसायला मदत करतो, डोळ्याची लांबी वाढणं थांबवत नाही. ऑर्थो-के त्यासाठी आहे. हाँगकाँगमध्ये ६ ते १० वर्षांच्या मुलांवर दोन वर्षांचा अभ्यास झाला, २०१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. चष्म्याच्या मुलांच्या तुलनेत लेन्सवाल्या मुलांच्या डोळ्यांची लांबी ४३ टक्के कमी वाढली. थांबली नाही, कमी वाढली. हे शब्द नीट लक्षात ठेवा, कारण काही ठिकाणी "नंबर गेला" असं सांगून लेन्स विकतात. नंबर जात नाही. लेन्स बंद केली की काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, कॉर्निया मूळपदावर येतो आणि नंबर परत दिसतो. पडद्याची तपासणीही ड्रॉप टाकून दरवर्षी करायचीच, चष्मा नसला तरी डोळा लांबच आहे.

ही कल्पना काही कालची नाही. १९६२ च्या सुमाराला अमेरिकेत जॉर्ज जेसन यांनी टणक लेन्सने नंबर उतरवायचा प्रयोग मांडला होता. तेव्हाच्या लेन्समधून ऑक्सिजन जात नसे. आताच्या लेन्समधून भरपूर जातो, म्हणून झोपेत घालता येतात. अमेरिकेच्या एफडीएने रात्रीच्या वापराला परवानगी दिली ती २००२ मध्ये.

नंदनगरी (मंगळवार, रात्री ९:१५)

आम्ही नंदुरबारचे, आम्हाला नाशिकपेक्षा सुरत जवळ, म्हणून तिकडेच दाखवतो. मुलगा बारा वर्षांचा, लेन्सला दोन वर्षं झाली. मायनस अडीच होता. आमच्याकडेही खळं होतं, पहिले दोन महिने खूप, आता तो म्हणतो "असतं, पण मी बघत नाही". दिवसा क्रिकेट मस्त खेळतो, हेल्मेटच्या आत चष्मा नाही, घामाने काच धूसर होणं नाही. मे महिन्यात आपल्याकडे पंचेचाळीसचं ऊन, ज्याने त्यात चष्मा घालून मैदानावर धावलंय त्यालाच त्याचं सुख कळेल.

पण दोन गोष्टी कुणी सांगितल्या नव्हत्या त्या सांगतो.

पहिली, रात्र चुकली की दुसरा दिवस गेला. श्रावणात कानबाई बसली होती आमच्या घरी. रात्रभर जागरण, गाणी, पोरगं कुठलं झोपतंय आणि कुठल्या लेन्स घालतंय. सोमवारी विसर्जनाच्या मिरवणुकीत त्याला दुपारनंतर समोरचा माणूस ओळखू येईना. घरचा जुना चष्मा लावला तर गरगरायला लागलं, कारण नंबर अर्धाच परत आला होता आणि चष्मा पूर्ण नंबरचा. त्यानंतर डॉक्टरांनी कमी नंबरच्या एकदाच वापरायच्या मऊ लेन्स देऊन ठेवल्यात, अडीअडचणीला. सणवार, लग्नकार्य, प्रवास आला की आधी तोच विचार.

दुसरी, तो आठ तास झोपला तर रात्री झोपेपर्यंत दिसतं. परीक्षेच्या दिवसांत सहा तास झोपला की संध्याकाळी पाचलाच म्हणतो, पप्पा, बोर्ड हलतोय.

पांझरा (मंगळवार, रात्री १०:३०)

धुळ्याला ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, डोळ्यांचा डॉक्टर नाही. पण दृष्टीरेषा यांनी जे सांगितलं त्याला आमच्या भाषेत गोलीय विपथन म्हणतात. भिंगाच्या मधून आणि कडेतून जाणारे किरण एकाच बिंदूत मिळत नाहीत. कॅमेऱ्यात छिद्र लहान केलं की चित्र धारदार होतं, मोठं केलं की मऊ पडतं. डोळ्याची बाहुली तेच छिद्र आहे.

अजून एक दोष असतो, तो भिंग बाजूला सरकलं की होतो. बिंदूला एका बाजूने शेपूट फुटतं. धूमकेतूसारखं दिसतं म्हणून त्याला इंग्रजीत नावच धूमकेतूच्या डोक्यावरून पडलंय, कोमा.

गिरणाकाठ ताई, एक करून बघा. रात्री घरातले दिवे घालवा, दूरवर एकच छोटा पांढरा एलईडी लावा, तीन-चार मीटरवर. लेकीला एक डोळा हाताने झाकून जे दिसतं ते कागदावर काढायला सांगा. मग दुसरा डोळा. आपण काही सुचवायचं नाही, नुसतं "जसं दिसतं तसं काढ" म्हणायचं. गोल खळं असेल तर एक अर्थ, एका बाजूला शेपूट असेल तर दुसरा.

भुसावळ_जंक्शन (बुधवार, सकाळी ८:००)

थोडं विषयांतर, माफी असावी. मी रेल्वेत आहे. आमच्या कॉलनीतल्या एका पोराला कुणीतरी सांगितलं की लोको पायलटच्या मेडिकलला लेन्स घालून झोप, सकाळी ६/६ निघेल. ए-वन वर्गाला (लोको पायलटच्या मेडिकलचा वर्ग) चष्म्याविना दोन्ही डोळे ६/६ लागतात हे खरं. पण हा धागा वाचून माझ्या अंगावर काटा आला. रात्री दोनला पावसात सिग्नल बघायचा असतो त्या माणसाने. लाल दिव्याभोवती खळं पडलं, पिवळा फिकट दिसला, तर मागे हजार-दीड हजार माणसं झोपलेली असतात. आणि एखाद्या रात्री लेन्स घातली नाही तर?

त्या पोराला हा धागा वाचायला दिला. तो आता गाडी चालवण्याऐवजी तिकीट विभागाच्या परीक्षेला बसतोय.

केळीचा_घड (बुधवार, सकाळी ८:१२)

बरं केलंत जंक्शन भाऊ. मेडिकलला फसवता येतं, सिग्नलला नाही.

मांडे_खापरावरचे (बुधवार, दुपारी ३:४५)

खर्चाचं कुणी बोलत नाही. आम्हाला जे सांगितलं त्यात चांगल्या मोटारसायकलचं डाउन पेमेंट झालं असतं, आणि एक-दीड वर्षाने लेन्स बदलायच्या. शिवाय सोल्युशन, तपासण्या, गाडीभाडं. आम्ही नंबर रोखायला अॅट्रोपिनचे थेंब घेतले. ते कसे वाटतात?

माझी आई म्हणते गाजर द्या, बदाम द्या, सकाळी त्राटक करा.

दृष्टीरेषा (बुधवार, रात्री ८:२०)

मांडे ताई, कमी मात्रेचे अॅट्रोपिन हा चांगला पर्याय आहे. हाँगकाँगच्या अभ्यासात ०.०१, ०.०२५ आणि ०.०५ टक्के अशा तीन मात्रा तपासल्या, त्यात ०.०५ चा परिणाम सर्वांत जास्त निघाला. थेंबाने बाहुली थोडी मोठी राहते, काही मुलांना उजेड टोचतो. खास काचांचे चष्मे पण आलेत, कडेला बारीक ठिपक्यांसारखी भिंगं असलेले. ते डोळ्यात काही घालावं लागत नाही म्हणून लहान मुलांना सोपे. कुणाला काय, हे मुलाचं वय, नंबर, घरची स्वच्छता आणि पालकांना किती वेळ आहे यावर ठरतं. त्यात लाज वाटून घेण्यासारखं काही नाही.

गाजर-बदाम जरूर खाऊ द्या, अंगाला चांगलं. नंबर त्याने उतरत नाही. आईंना माझा नमस्कार सांगा.

सातपुडा (बुधवार, रात्री ११:५०)

मी हे लिहू की नको, तीन दिवस विचार करतेय. लिहिते.

माझ्या मुलाला अकराव्या वर्षी या लेन्स लावल्या. कुठे ते सांगत नाही, त्याने काही साधणार नाही. आम्हाला लेन्स कशी घालायची ते दहा मिनिटांत शिकवलं. मी रोज हात साबणाने धुवायचे, लेन्स सोल्युशननेच धुवायचे. पण लेन्सची डबी मी आरओच्या पाण्याने विसळायचे. पिण्याचं पाणी, घरातलं सगळ्यात शुद्ध पाणी. मला वाटलं मी जास्तच काळजी घेतेय. पाणी कुठलंच चालत नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं.

नवव्या महिन्यात एका सकाळी तो उठला तो डोळा दाबून. उजेड सहन होईना. डोळा गुलाबी. मी डोळे आले असतील म्हणून एक दिवस घालवला. दुसऱ्या दिवशी बुबुळावर कडेला तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका दिसला. रात्री बसने निघालो. दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा, आठ दिवस. गजर लावून उठायचे आणि झोपलेल्या पोराची पापणी उघडायचे.

वाचला डोळा. ठिपका कडेला होता म्हणून. आज त्या डोळ्याने चष्म्यासकट ६/९ दिसतं आणि पांढरा डाग जवळून बघितला तर दिसतो. तो कधी काही बोलला नाही मला. मी रोज बघते.

ताई, खळ्याचा प्रश्न मोठा आहेच. पण आधी तुमची डबी बघा.

गिरणाकाठ (गुरुवार, सकाळी ६:१०)

सातपुडा ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून आत्ता उठून डबी बघितली. मी नळाच्या पाण्याने नाही विसळत, पण सिंकच्या शेजारी उघडी वाळवते. आजच जागा बदलते. तुमचा दोष नाही हो. खरंच नाही.

दृष्टीरेषा (गुरुवार, सकाळी ९:००)

सातपुडा ताई, तुमचं लिहिणं मी आमच्या प्रत्येक पालकाला सांगणार आहे, नाव-गाव न घेता.

पाणी नळाचं, बोअरचं, फिल्टरचं, उकळलेलं, कुठलंही लेन्सला आणि डबीला लागू द्यायचं नाही. पाण्यात अकांथअमीबा नावाचा जीव असतो, तो क्लोरीनलाही पुरून उरतो. आपल्याकडे उन्हाळ्यात टाकीत आठ-आठ दिवस पाणी साठवतो, हे ध्यानात घ्या. हात धुतल्यावर कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पूर्ण पुसायचे, मगच लेन्सला हात. डबी सोल्युशननेच विसळून, पुसून, स्वच्छ कागदावर उपडी ठेवायची आणि दर महिन्याला, फार तर तीन महिन्यांनी, फेकायची. सकाळी लेन्स चिकटून बसलेली असते, तिला ओढायचं नाही. थेंब टाकून पाच मिनिटं थांबायचं, पापणी मिटल्यावर लेन्स हलते असं दिसलं की काढायची. डोळा लाल, दुखरा किंवा उजेड टोचतोय, अशा रात्री लेन्स नाही. आणि त्याच दिवशी डॉक्टर, दुसऱ्या दिवशी नाही.

धोका किती? अमेरिकेत २०१३ मध्ये छापलेल्या एका पाहणीत, १०,००० मुलांनी वर्षभर या लेन्स वापरल्या तर बुबुळाचा जंतुसंसर्ग सुमारे १४ जणांना, असा हिशेब निघाला. आकडा लहान आहे. ज्याच्या घरी तो आला त्याला तो लहान नाही.

निवृत्त_गुरुजी (गुरुवार, सकाळी १०:२५)

सातपुडा, पोरी, तू आठ रात्री गजर लावून उठलीस ना, त्या रात्रींनी तो डोळा वाचला. डाग बघताना तेही आठवत जा.

चाळीसगाव_ते_पुणे (गुरुवार, रात्री ९:४०)

मी या लेन्स स्वतः घातल्यात, चौदा ते अठरा. म्हणून आतून कसं दिसतं ते सांगतो, कारण लहान मुलांना ते शब्दांत सांगता येत नाही.

दिवसा काहीही फरक नव्हता, चष्म्यापेक्षा बरंच वाटायचं. काचेची चौकट नाही, कडेचंही दिसतं. रात्र वेगळी. आमचे वडील गच्चीवर कृत्तिका मोजायला लावायचे. चष्म्यातून मला सहा दिसायच्या. लेन्सच्या दिवसांत चारच, आणि त्याही सारवल्यासारख्या. मी सहाच सांगायचो, कारण लेन्सला एवढे पैसे घातलेत, ते वाया गेले असं वडिलांना वाटू नये. ही चूक तुमच्या लेकीने केली नाही, तिने सरळ सांगितलं, हे फार चांगलं झालं.

अठराव्या वर्षी गाडीचं लायसन्स काढलं. पहिल्यांदा रात्री कन्नडचा घाट उतरलो, समोरून ट्रक आला, आणि अख्खी काच पांढरी झाली. मी गाडी बाजूला घेऊन थांबलो. त्या आठवड्यात लेन्स बंद करायचं ठरवलं. सुरू करताना मायनस अडीच होता, बंद करून तीन-चार आठवड्यांनी मोजला तर पावणेतीन. चार वर्षांत पाव नंबर. माझ्या धाकट्या भावाचा साध्या चष्म्यावर त्याच वयात दोनाने वाढला. एकाच घरातली दोन पोरं, यावरून शास्त्र ठरत नाही, पण मला लेन्सचा पश्चात्ताप नाही.

आणि हो, बंद केल्यावर खळं पूर्ण गेलं. कृत्तिका परत सहा.

पांझरा (गुरुवार, रात्री ९:५५)

कृत्तिकांची गोष्ट वर्गात सांगणार. ताई, चित्र काढलं का लेकीने?

गिरणाकाठ (गुरुवार, रात्री १०:३०)

आत्ताच काढलं. देव्हाऱ्याजवळ छोटा एलईडी लावला, सगळे दिवे घालवले, ती दाराशी बसली. उजव्या डोळ्याचं चित्र: मधे ठिपका आणि भोवती फिक्या पेन्सिलीचं गोल कडं. डाव्याचं: ठिपका, आणि नाकाच्या बाजूला पसरलेली शेपटी. शेपटी तिने दोनदा गडद केली. मी एक शब्द सुचवला नव्हता. ती म्हणाली, "हा डोळा दिवा ओढून नेतो."

दृष्टीरेषा (गुरुवार, रात्री १०:४१)

ते चित्र जपून ठेवा आणि लवकरात लवकर क्लिनिकमध्ये घेऊन जा. फोनवर नाही, समोर ठेवा. "डाव्या डोळ्याची लेन्स सरकतेय का, टोपोग्राफी काढा" असं स्पष्ट म्हणा. आणि तपासणी शक्यतो संध्याकाळी ठेवा, म्हणजे दिवसअखेर किती नंबर परत येतो तेही कळेल. कॉन्ट्रास्टचा तक्ता असेल तर तोही मागा, त्यात अक्षरं लहान होत नाहीत, फिकी होत जातात.

एक प्रामाणिकपणे सांगते. लेन्सचा मधला चपटा भाग लहान ठेवला तर लांबी वाढायला जास्त आळा बसतो असं अलीकडच्या अभ्यासांत दिसलंय, पण मधला भाग लहान म्हणजे रात्री कड लवकर बाहुलीत येणार. म्हणजे हे देणंघेणं आहे. ते डॉक्टरांनी एकट्याने ठरवू नये, तुम्हाला आणि लेकीलाही विचारून ठरवावं.

केळीचा_घड (गुरुवार, रात्री १०:५०)

"हा डोळा दिवा ओढून नेतो." ताई, लेक बहिणाबाईंच्या गावची शोभते.

गिरणाकाठ (तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ११:०५)

धागा वर काढतेय, कारण तुम्हा सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं.

चित्र डॉक्टरांपुढे ठेवलं. त्यांनी दोन मिनिटं नुसतं बघितलं आणि स्वतः टोपोग्राफीच्या खोलीत घेऊन गेले. डाव्या डोळ्याच्या नकाशात निळा गोल मधोमध नव्हता, कानाच्या बाजूला सरकलेला होता. नुसत्या डोळ्यांनी मलाही कळलं. ती डाव्या कुशीवर, उशीत डोळा दाबून झोपते. पण मुख्य कारण लेन्सचा वळसा त्या डोळ्याला थोडा सैल होता. डाव्या डोळ्याला पाच दिवस सुट्टी दिली, तेवढ्यापुरती तात्पुरती मऊ लेन्स दिली, मग नवी लेन्स आली.

कॉन्ट्रास्टचा तक्ता त्यांच्याकडे होता, पण धूळ बसलेला. पुसून लावला. उजेडात दोन्ही डोळे छान. दिवे मंद केल्यावर शेवटच्या तीन ओळी गेल्या. डॉक्टर म्हणाले, हे आता दर वेळी करू.

मी क्लासच्या सरांना भेटले. त्यांनी फिका मार्कर टाकून दिला आणि फळ्यावर दुसरी ट्यूब लावली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आणखी चार पोरांनी "आता दिसतं" म्हणून सांगितलं, त्यात दोघांना चष्मा नाही.

गुरुजी, तुमचं ऐकलं. रोज संध्याकाळी पाच ते सात मेहरूण तलावावर सायकल. मोबाइल घरी.

आज धरणगावहून येताना बांभोरीच्या पुलावर रात्रीचे नऊ वाजले होते, गिरणेत पाणी नव्हतं, समोरून ओळीने ट्रक. मी तिला काही विचारलं नाही. तिनेच एक डोळा झाकला, मग दुसरा. म्हणाली, "डाव्याची शेपटी गेली. खळं दोन्हीला आहे, पण लहान. उजव्याचं थोडं मोठं."

पुढची तपासणी ऑगस्टमध्ये. त्याआधी कानबाई येतेय, नंदनगरी दादा, मऊ लेन्सची पाकिटं आणून ठेवलीत.

नंदनगरी (रविवार, रात्री ११:२०)

दोन जोड्या जास्त ठेवा ताई. एक हमखास जमिनीवर पडते.

सातपुडा (रविवार, रात्री ११:३२)

आणि पडलेली परत डोळ्यात नाही. डबी कुठे ठेवता आता?

गिरणाकाठ (रविवार, रात्री ११:३५)

देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर, कागदावर उपडी. महिन्याची तारीख मार्करने लिहून. काळ्या.